ऑनर्स अभ्यासक्रम, व्यवसायशिक्षणातील

व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेत असतानाच निवडक गुणवान विद्यार्थ्यांना अधिक सखोल अभ्यास करू देणारी विद्यापीठीय योजना. ती मुख्यत्वे अमेरिकेत रुजली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले फ्रँक एडलॉट यांनी स्वॉर्थमोर महाविद्यालयात १९२२ मध्ये ऑनर्स पद्धती सुरू केली. लहान चर्चासत्रे, स्वतंत्र वाचन व बाहेरील परीक्षक ही तिची वैशिष्ट्ये होत. व्यवसायशिक्षण त्याहून जुने (व्हॉर्टन स्कूल, १८८१). परंतु त्याचा रोख पुष्कळदा नोकरीवरच राहिला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॉर्डन–हॉवेल व पीअर्सन यांच्या अहवालांनी हे शिक्षण संकुचित व सुमार असल्याची टीका केली. ऑनर्सची जोड हे त्या उणिवेवरील अंशतः उत्तर मानता येईल.

विद्यार्थ्यापुढील खरी अडचण वेळेची असते. लेखाकर्म, वित्त यांसारखे विषय ठरावीक क्रमानेच घ्यावे लागतात. त्यांत चर्चासत्रे व अखेरचा प्रबंध बसविणे कठीण. म्हणून काही विद्यापीठे ऑनर्सचे विषय सामान्य शिक्षणाच्या श्रेयांकांत धरतात, तर काही नेहमीच्याच विषयात जादा काम नेमून देतात. दुसरा मार्ग सोयीचा खरा. पण त्यात ऑनर्स म्हणजे केवळ आणखी एक निबंध, असे होऊन बसते.

भारतात ‘ऑनर्स’चा अर्थ निराळा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बी.कॉम. (ऑनर्स) पदवीत तो विषयातील विशेषीकरण दर्शवितो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने तो चौथ्या वर्षाशी जोडला. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुणांची अट घातली.