‘वंडरवॉल’ आणि फोर्टातले साथीदार

इंग्लंडातील एखाद्या तरुण रॉक बँडची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली की तिचे परीक्षण करणारे पंडित सर्वांत आधी तिच्यावरील प्रभावांची मोजदाद करतात. आणि त्या मोजदादीत बीटल्स, किंक्स, वेल्व्हेट अंडरग्राउंड अशी ठसठशीत विशेषनामे येऊन गेल्यावर शेवटी ‘भारतीय संगीत’ असे मोघम पद कित्येकदा लिहिलेले आढळते, जणू भारतीय संगीत हा कोणी एक अनाम गृहस्थ असून तो विलायतेच्या वाटेवर धर्मशाळा घालून बसला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्याकडून थोडासा सुगंध फुकट घेऊन जावा! १९९६ साली ‘कुला शेकर’ या बँडची ‘के’ नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा हेच झाले. या मंडळींनी आपले नाव दक्षिणेतील भक्तराज कुलशेखरावरून घेतले होते. त्यांच्या ‘तत्त्व’ या गाण्यात गौडीय वैष्णवांचा अचिंत्यभेदाभेद अवतरला होता आणि ‘गोविंदा’ हे समग्र संस्कृत गीत पुढे ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसले. त्याच्या आदल्याच वर्षी मँचेस्टरच्या ‘ओअॅसिस’ने ‘वंडरवॉल’ नावाचे गाणे काढले. हा शब्द पुढे जगभरच्या कॉलेजकुमारांच्या गिटारीवर चढला. परंतु तो ज्या ध्वनिमुद्रिकेवरून उचलला होता तिचा निम्मा देह मुंबईत, फोर्टातल्या सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एका विमा कंपनीच्या इमारतीत, हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रणगृहात घडला, हे त्या कुमारांपैकी फार थोड्यांच्या गावी असेल.

ती ध्वनिमुद्रिका म्हणजे जॉर्ज हॅरिसनची ‘वंडरवॉल म्युझिक’. बीटल्सपैकी कोणाही एकाने स्वतंत्रपणे काढलेली ही पहिली ध्वनिमुद्रिका, आणि त्यांच्या नव्या ‘अॅपल’ कंपनीचीही पहिलीच. जो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ चित्रपटासाठी हे संगीत होते. भिंतीच्या छिद्रातून शेजारच्या तरुणीचे आयुष्य न्याहाळणाऱ्या एका एकलकोंड्या प्राध्यापकाची ती कथा असून तीत संवाद बेताचेच, आणि म्हणून संगीतावर भार मोठा. हॅरिसनला पार्श्वसंगीताचा पूर्वानुभव शून्य. त्याने साधे चावीचे थांबघड्याळ हाती घेऊन चित्रपट पुन्हापुन्हा पाहिला, कोणत्या प्रसंगाला किती सेकंदांचे संगीत लागेल याची टिपणे केली, आणि तो कागद घेऊन जानेवारी १९६८मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मुंबईत उतरला.

मुंबई त्याला नवखी नव्हती. १९६६च्या शरदात तो रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी येथे येऊन राहिला होता, आणि त्या मुक्कामात त्याला हात धरून शिकवणाऱ्यांत रविशंकरांचे शिष्य शंभू दास होते. या खेपेसही तेच मदतीला आले. हिज मास्टर्स व्हॉइसच्या तत्कालीन कारभाऱ्यांपैकी भास्कर मेनन यांनी या कामासाठी कलकत्त्याहून दुपदरी ध्वनिमुद्रणयंत्र आणवले, असे एक साक्ष सांगते. खुद्द हॅरिसनच्या जबानीत मात्र ते एक जुने, अवजड, एकपदरी धूड होते. या दोन साक्षी जुळत नसल्या तरी दोहोंचे तात्पर्य एकच निघते, आणि ते असे की लंडनमध्ये पदर मागून जोडावयाची, खोडावयाची, पुन्हा भरावयाची जी चैन होती ती येथे फारशी नव्हती. दहाजण एकत्र बसले, एकत्र वाजले, आणि वाजताना जो तोल साधला तोच बहुधा कायम झाला. खोलीला ध्वनिरोधनही नव्हते. खालच्या टॅक्सी ऐकू येत. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा असा गडगडाट होई की काम थांबवावे लागे. नीट कान दिल्यास काही तुकड्यांत टॅक्सी अद्याप ऐकू येतात, असे हॅरिसनने पुढे सांगितले होते. फोर्टातल्या कारकुनांचा इंग्रजी रॉकवरील प्रभाव असा एखादा पोटविभाग परीक्षकांनी करावयास हरकत नाही.

परंतु खरा प्रभाव कोणाचा? तेथील हजेरीपट पाहावा. सरोदेवर अलाउद्दीन खाँचे नातू आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतुरावर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद, शिवाय दोन सनईवादक. यांतली नारिंग्रेकर आणि केंकरे ही आडनावे तर मराठी वाचकाला घरचीच वाटावीत. यांतले काही मैफलीचे कलावंत होते, तसेच काही चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात नित्य राबणारे होते. आणि माझ्या मते या ध्वनिमुद्रिकेचे मर्म येथेच आहे. थांबघड्याळाबरहुकूम चाळीस सेकंदांत शृंगार, पन्नास सेकंदांत विषाद उभा करणे ही घराण्याची विद्या नव्हे. ती मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांनी घडवलेली विद्या आहे. ‘क्राइंग’ नावाच्या तुकड्यात व्होरांची तारशहनाई अक्षरशः हुंदके देते. इसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडून बनवलेले हे वाद्य आपल्या हिंदी बोलपटांत विधवेच्या, परित्यक्तेच्या प्रसंगी किती वेळा रडले आहे, हे आमच्या भंडाऱ्याकडे टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला सांगावयास नको. परंतु लंडनच्या परीक्षकाला ते सनातन भारताचे आर्त वाटले.

‘लव्ह सीन’ हा तुकडा मला सर्वांत अधिक आवडतो. आशिष खाँनी एकदा सरोद वाजवली, आणि हॅरिसनच्या सूचनेवरून त्याच मुद्रणावर स्वतःलाच दुसऱ्या सरोदेची साथ केली. एकाच माणसाची ती जुगलबंदी! सवाल करणारा आणि जबाब देणारा हात एकच, तरी दोघांत प्रेमिकांचा लडिवाळपणा आहे. येथे देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले: युक्ती लंडनची, अंगुली मैहर घराण्याची. ‘गत किरवाणी’सारखे तुकडे मात्र सुबक असूनही मैफलीच्या उंबरठ्यावरून परत फिरल्यासारखे वाटतात, त्यांना दीड-दोन मिनिटांहून अधिक अवकाश मिळालेला नाही. लंडनमध्ये लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ बँडला घेऊन केलेले तुकडे गमतीचे आहेत, इतकेच म्हणून पुढे जाणे बरे.

आता श्रेयनामावलीचा विषय. हॅरिसनने १९६६ साली ‘लव्ह यू टू’ हे गाणे केले तेव्हा लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे आयन अंगडी यांनी अनिल भागवत या तरुण तबलजीला निरोप धाडला, पण वाजवावयाचे कोणासाठी हे सांगितले नाही. दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा गृहस्थाच्या ध्यानात आले. त्याने त्रिताल धरला, बिदागी घेतली, आणि ‘रिव्हॉल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचे नाव छापले गेले. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात वाजवणाऱ्या भारतीयांची नावे मात्र छापली गेली नाहीत. त्यांची ओळख पटावयास तब्बल पन्नास वर्षे लागली. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर मुंबईच्या मंडळींची नावे आहेत, स्पेलिंगची यथेच्छ मोडतोड झालेली असली तरी आहेत, उलट करारमदाराच्या अडचणींमुळे एरिक क्लॅप्टनला ‘एडी क्लेटन’ आणि रिंगो स्टारला ‘रिची स्नेअर’ अशी टोपणनावे घ्यावी लागली. जगद्विख्यात गोरे पडद्याआड आणि फोर्टातले साथीदार नावानिशी समोर, असा योग ग्रामोफोनच्या इतिहासात क्वचितच आला असेल. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकासाठी रात्र जागवणाऱ्या भंडाऱ्याकडच्या आमच्या झाडीपट्टीत, ‘ऑर्गनवर कोण आहे?’ अशी चौकशी केल्याशिवाय नाटकाला न निघणारे रसिक साकोली-लाखांदूरकडे अजून भेटतात. त्यांना या गोष्टीचे महत्त्व विशद करावे लागणार नाही.

भंडाऱ्याचे ग्रामोफोनच्या धंद्याशीही एक दूरचे नाते आहे, ते लाखेचे. ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणजे मुख्यतः लाख आणि दगडाची भुकटी. आमच्या रानातल्या पळसावर हा कीटक पोसला जाई, आणि १९९९पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियात लाखेचा व्यापार नांदत होता. विलायतेत या तबकड्या मोडीत निघून प्लॅस्टिकच्या आल्या तरी आपल्याकडे विजेवाचून चालणारे चावीचे ग्रामोफोन खेडोपाडी शाबूत होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही लाखेच्या तबकड्यांवर निघाली; आज युरोपातले संग्राहक त्या शोधत फिरतात.

मुंबईच्या १९६८मधल्या त्याच मुक्कामात हॅरिसनने ‘दि इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही मुद्रित करून घेतले. त्याचे शब्द लाओत्झूच्या चिनी ग्रंथावरून घेतलेले, ते सुचवणारे केंब्रिजचे हुआन मास्कारो स्पॅनिश वंशाचे संस्कृतज्ञ, चाल लिव्हरपूलच्या तरुणाची, वाद्ये फोर्टातली. लंडनला परतल्यावर त्यावर आवाज चढवला गेला, आणि १५ मार्च १९६८ रोजी ते ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर हॅरिसनची रचना प्रथमच आली ती ही. चित्रपट मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला, ध्वनिमुद्रिका १ नोव्हेंबरला निघाली; तोवर हॅरिसन सतार बाजूस ठेवून गिटारीकडे वळला होता, कारण आशिष खाँसारख्यांच्या शेजारी बसल्यावर सतारीला लागणाऱ्या आयुष्याचा हिशेब त्याला कळून चुकला असावा. २०१४ साली ‘वंडरवॉल म्युझिक’ नव्याने काढताना ‘दि इनर लाइट’ची एक वेगळी, शब्दरहित प्रत तीत जोडली गेली. हॅरिसनचा आवाज तीत नाही. सरोद, पखवाज, बासरी आणि हार्मोनियम ऐकू येतात.