मांसाचा रस कोंडत नाही, आणि रागूत तो कोंडायचाही नसतो

बोलोन्याचा रागू, म्हणजे पास्त्यासाठी तासन्‌तास शिजवलेला खिम्याचा सॉस, घरी करायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: खिमा आधी मोठ्या आचेवर परता, म्हणजे रस आत कोंडला जातो. ही समजूत पसरवली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने. सुरुवातीलाच कडक उष्णता दिली की मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठून कवच तयार होतं, असं त्याने १८४७ मध्ये मांडलं. १९३०च्या दशकातल्या साध्या प्रयोगांनी ते खोडून काढलं. आधी भाजलेल्या मांसातूनही तेवढाच, कधी थोडा जास्तच, रस गेला. अन्नविज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी १९८४ मध्ये ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या ग्रंथात हे सविस्तर लिहिलं, तरी कवच शाबूतच! खरं तर पुरावा कढईतच ऐकू येतो: तो चर्र आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. शिवाय खिम्याचे तंतू यंत्रात आधीच तुटलेले; कवच धरणार तरी कशाभोवती?

मग परतलेला खिमा जास्त चविष्ट का लागतो? लागतोच, पण कारण वेगळं आहे. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा यांच्यातली मेयार अभिक्रिया वेग घेते आणि खमंगपणा येतो. भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं. म्हणूनच हा गैरसमज निरुपद्रवी नाही. कवच धरलं असं मानून जो रंग बदलताच थांबतो, त्याच्या हाती करडा, वाफवलेला खिमा येतो. पसरट भांडं घ्यावं, खिमा थोडा थोडा टाकावा, सुटलेलं पाणी आटू द्यावं आणि तळाला धरलेला तपकिरी थर वाइन घालून खरवडावा. रस गेल्यावर मांस कोरडं पडेल ही भीतीही फोल आहे, कारण रागूत तो रस भांड्यातच उतरतो. सॉस त्याचाच तर बनतो. सुरुवातीला आकसून रस पिळून काढणारं कोलॅजन हे मांसातलं चिवट प्रथिन मंद आचेवर दोन-तीन तासांत विरघळून जिलेटिन होतं, आणि खाताना जाणवणारा मऊ ओलावा त्याचा असतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात. खळाखळा उकळल्याने पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. सॉस तेवढा तळाला लागतो. वाइनमधला अल्कोहोल पूर्ण उडत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के उरतो. दूध घालणं हा आधुनिक चाळा नव्हे. १९८२ मध्ये बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात नोंदवलेल्या पाककृतीत ते आहे, लसूण मात्र नाही. टोमॅटो हा रागूचा आत्मा म्हणावा, तर इटालियन पाककृती-लेखक पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या १८९१च्या बोलोन्या पद्धतीच्या कृतीत तो नावालाही नाही. आणि स्पॅगेटी? बोलोन्यात हा रागू अंडं घातलेल्या रुंद, चपट्या ताल्यातेल्लेबरोबर खातात. गुळगुळीत, गोल स्पॅगेटीवरून खिमा घसरून ताटाच्या तळाशी बसतो.