समुद्रापलीकडचे शेजारी, डोंगरांमधली जमीन

जपानच्या क्यूशू बेटापासून कोरिया सुमारे २०० किलोमीटरवर. याच वाटेने भातशेती, धातुकाम आणि चिनी लिपी आली. सहाव्या शतकात कोरियातल्या बेक्जे राज्याकडून बौद्ध धर्म आला. ७१० मध्ये राजधानी झालेले नारा चीनच्या चांगआन नगराच्या धर्तीवर आखलेले होते. तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये केला तो बोधिसेन या भारतीय भिक्षूने! आपल्याकडे हे नाव अधिक माहीत असायला हवे.

जपानचा जवळपास तीन चतुर्थांश भाग डोंगराळ. पिकाऊ मैदाने थोडी, म्हणून जमीन हीच सत्ता. सामुराई योद्ध्यांच्या स्वामिनिष्ठेचा मोबदलाही बहुधा जमिनीच्याच रूपात मिळे. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या आरमारांना सामुराईंनी झुंजवले, वादळांनीही साथ दिली. त्या वादळांचे कौतुक फार होते. मला त्यानंतरचा पेच जास्त महत्त्वाचा वाटतो. बचावाच्या युद्धात नवी जमीन हाती येत नाही. लढलेल्यांना द्यायला तेव्हा सत्तेवर असलेल्या कामाकुराच्या शोगुनशाहीकडे, म्हणजे लष्करी राजवटीकडे, पुरेसे काही नव्हते. असंतोष धुमसत राहिला आणि १३३३ मध्ये ती राजवट कोसळली.