बिटकॉइनच्या संदर्भयादीत कोण नाही?

वकिलाला एक खोड असते. निकालपत्र हाती आले की आधार कुणाचे घेतले ते तो आधी पाहतो. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा नऊ पानी आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी अवघे आठ संदर्भ आहेत. आज कराडच्या कॉलेजातल्या पोराला सातोशी ठाऊक असतो, त्या आठांतले एकही नाव ठाऊक नसते.

आठपैकी तीन संदर्भ स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या कामाचे आहेत. या दोघांना पैशाशी कर्तव्य नव्हते. संगणकातल्या कागदावर मागची तारीख कुणी टाकू शकणार नाही, अशी सोय त्यांना करायची होती. 1991 मध्ये त्यांनी मार्ग दाखवला: प्रत्येक दस्तऐवजाचा अंगठा घ्यायचा आणि तो आधीच्या दस्तऐवजाच्या अंगठ्याशी जोडायचा. मधला एक कागद बदलला की पुढची सगळी साखळी बोंब मारते. पुढे 1995 पासून त्यांची कंपनी हा अंगठा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जाहिरातींत छापू लागली. घरोघरी गेलेला पेपर कोण परत बोलावणार? महार वतनाच्या जमिनीचे दावे ज्याने चालवले, जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर ज्याने कोर्टात पाहिला, त्याला या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको. बिटकॉइनचा कणा हाच आहे.

आता यादीत कोण नाही ते पाहा. डेव्हिड चॉम नाही! 1982 मध्ये त्यांनी 'आंधळ्या सही'ची कल्पना मांडली. कार्बन लावलेल्या लिफाफ्यात नोट घालायची, बँकेने वरून सही करायची. नोट खरी ठरते, पण ती कुणाची हे बँकेला कळत नाही. त्यांची डिजिकॅश कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास 'बिट गोल्ड'ची कल्पना मांडणारे निक स्झाबो यादीत नाहीत. 2004 मध्ये पुन्हा वापरता येणारे संगणकी टोकन चालवून दाखवणारे हॅल फिनीही नाहीत. जानेवारी 2009 मध्ये सातोशीकडून पहिली 10 नाणी त्यांनाच मिळाली. 2014 मध्ये ते वारले.

चलन काढण्यावर मर्यादा हवी, हा विचार तर या सर्वांहून जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. केन्सने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती, तिच्यात रुपये किती पाडायचे याला धरबंध नाही, हा त्यांचा आक्षेप होता. रुपया घसरला की महागाई वाढते, मजुरी मागे राहते आणि मार कष्टकऱ्याला बसतो. डिसेंबर 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी टांकसाळी सरकारलाही बंद करा, असे सांगितले.

पण म्हणून बाबासाहेबांना बिटकॉइनचे जनक ठरवायला कुणी निघाला तर त्याला आपणच अडवले पाहिजे. त्यांना मर्यादा हवी होती ती कायद्याची, आणि हवी होती किमतीच्या स्थैर्यासाठी. बिटकॉइनची संख्या 2 कोटी 10 लाखांवर बांधलेली आहे खरी. तरी नोव्हेंबर 2021 मध्ये 68 हजार डॉलरच्या वर गेलेले नाणे वर्षभरात 16 हजारांच्या खाली आले. उसाच्या बिलातून वाचलेले पैसे त्यात घालणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

सरकारने 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेचा 1934 चा कायदा दुरुस्त करून डिजिटल नोटेला मान्यता दिली. 1 डिसेंबर 2022 पासून सामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू झाला, पहिल्या चार शहरांत मुंबई होती. कागदी नोट कुणी कुणाला दिली हे सरकारला कळत नाही. डिजिटल नोटेचे काय? चॉमने 1982 साली विचारलेला प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर बँकेच्या परिपत्रकात नको, संसदेने केलेल्या कायद्याच्या कलमात लिहून हवे.