गाय आटली, दोष कुणाचा?

गावात एखादी गाय अचानक आटते, एखादे मूल तापाने फणफणते, आणि कुजबुज सुरू होते, "हे तिचेच काम!" 'ती' म्हणजे बहुधा एकटी राहणारी, म्हातारी किंवा विधवा बाई. कुणी तिला चेटकीण म्हणते, उत्तर कोकणातल्या पाड्यांवर भुताळी, सातपुड्यात डाकीण. नाव कोणतेही असो, आरोप एकच. त्यापायी कित्येकींना मार खावा लागला, गाव सोडावे लागले, काहींचे प्राणही गेले.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. ग्रहगतीचे नियम सांगणारा योहानेस केप्लर तुम्हाला ठाऊक असेल. जर्मनीतील लिओनबर्ग गावी १६१५ मध्ये त्याची आई काटारिना हिच्यावर चेटकाचा आळ आला. तिने दिलेल्या पेयाने आपण आजारी पडलो, असे एका बाईचे म्हणणे होते. १६२० मध्ये अटक झाली, तेव्हा काटारिनाने सत्तरी ओलांडली होती. चौदा महिने ती साखळदंडांत होती. केप्लरने स्वतः तिचा बचाव हाती घेतला. लोकांच्या दुखण्यांना नैसर्गिक कारणे आहेत, हे त्याने एकेक करून दाखवले. छळाची हत्यारे समोर मांडली तरी काटारिनाने खोटी कबुली दिली नाही. १६२१ मध्ये ती सुटली, पण सहा महिन्यांतच वारली.

कारण शोधायचे कसे, याचा एक धडा रायगडच्या किनाऱ्यावरच आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध पूर्वी मुंबईत कुलाब्याला घेत. विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ टाळले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या. सुई हलली, तर ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, हे आधी ठरवायला हवे ना?

आता गाईकडे वळू. बाई दारावरून गेली आणि गाय आटली, एवढेच लोक लक्षात ठेवतात. ती गेली आणि गाय आटली नाही, असे दिवस किती? ती फिरकलीही नाही, तरी आटलेल्या गाई किती? हे कुणी मोजत नाही. कासेचा आजार, निकृष्ट चारा, गाभणपण ही कारणेही कुणी तपासत नाही.

महाराष्ट्रात यावर कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते, रोगराई पसरवते, असे म्हणून तिचे जगणे कठीण करणे हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

न्यायाला उशीर झाला, तरी तो मागता येतो. अमेरिकेत सेलमच्या चेटूक खटल्यांत एलिझाबेथ जॉन्सन हिला १६९३ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. तो अंमलात आला नाही, पण दोषाचा डाग राहिला. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तिला निर्दोष ठरवले. त्यासाठी खटपट केली ती एका शाळेतील आठवीच्या मुलांनी, आपल्या शिक्षिकेच्या मदतीने!

मित्रांनो, तुमच्या कानी अशी कुजबुज आली, तर "कशावरून?" एवढे जरूर विचारा. आणि कुणाला त्रास होताना दिसला, तर शिक्षकांना सांगा, पोलीस ठाण्यात कळवा.