चटईखालची काळी

परभणीच्या काळीवर विमान उतरवायचे ठरले, तर पहिली हरकत माती घेईल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या सरी आल्या की तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट खनिज पाणी पिऊन फुगते आणि तीच जमीन बैलगाडीसुद्धा आसापर्यंत गिळते.

कच्च्या जमिनीवर तात्पुरती धावपट्टी अंथरायची युक्ती १९४१ साली अमेरिकेत मार्स्टन गावाजवळ आजमावली गेली. एकमेकींत अडकणाऱ्या पोलादी फळ्यांची चटई. एकेक फळी दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, ८७ भोकांची, वजन सुमारे ३० किलो. भोकांमुळे वजन घटले खरे, पण ओल्या मातीवर चाकाचा दाब पडला की चिखल त्याच भोकांतून वर येई.

ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याने वेगळी वाट धरली. डांबरात भिजवलेले तागाचे गोणपाट, म्हणजे ‘बिथेस’, त्यांनी धावपट्ट्यांवर आणि तमू–कलेवा रस्त्यावर पसरले. ते भार पेलत नव्हते, फक्त दाबून सपाट केलेल्या जमिनीत पाणी शिरू देत नव्हते. मला हीच कल्पना जास्त हुशारीची वाटते. कोरडी राहिली तर काळी माती बराच भार स्वतःच घेते. वाफसा ओळखणाऱ्या शेतकऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गमध्ये अशा चटयांच्या रीतसर चाचण्या झाल्या. खड्ड्यात तिथलीच जड चिकणमाती ठरावीक ओलीवर थराथराने दाबून भरायची, वर चटई जोडायची आणि विमानाचे चाक लावलेला वजनदार गाडा पुन्हा पुन्हा फिरवायचा. चाकोरी किती खोल गेली आणि किती फळ्या मोडल्या, हे फेऱ्यांगणिक नोंदवायचे. मातीची ताकद ‘सीबीआर’मध्ये मोजतात: तिच्यात दट्ट्या रुतवायला लागणारा जोर प्रमाणित खडीच्या तुलनेत किती टक्के, ते पाहायचे. चार दिवस भिजवलेली काळी बहुधा दोन-तीन टक्क्यांतच आटोपते.

हलक्या चटईचा हट्ट कशासाठी, ते हिशोबाने कळते. तीन हजार फूट लांब, साठ फूट रुंद पट्टीला मार्स्टनच्या १४,४०० फळ्या लागतात, म्हणजे चारशे टनांहून अधिक पोलाद. पण चटई हलकी करताना ताठपणा गेला, तर ती जास्त वाकते आणि चाकाचा भार थेट मातीवर येतो. म्हणून परभणीत पावसाळा काढायचा तर आधी दोन्ही बाजूंना खोल चर आणि खाली मुरमाचा थर हवा. मुरमाचे ट्रक मात्र मृगाआधी यायला हवेत.