नावानं बोलवा ना, मॅडम!

मैत्रिणींनो, आज तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. शिक्षिका म्हणून माझ्या हातून झालेल्या एका चुकीची.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. वसमत तालुक्यातल्या हट्टा परिसरात, एका शाळेवर मी पाचवीला शिकवत होते. जुलै महिना. बाहेर पावसाची रिपरिप, आत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची घाई. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळायची. महिन्याला ६० रुपये, दहा महिन्यांचे ६००. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. मी वर्गात शिरले आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाले, "मागासवर्गीय मुली, उभ्या राहा गं!"

यादीत सात नावं. उभ्या राहिल्या सहा.

सातवी मान खाली घालून वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत बसलेली. मी ओरडले, "ऐकू नाही आलं का?" तशी ती बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, "मला नाही पाहिजे शिष्यवृत्ती."

शाळा सुटल्यावर तिला व्हरांड्यात थांबवलं. घरी आई दुसऱ्याच्या शेतात हळद काढायला जाते, वडील नाहीत, हे मला माहीत होतं. मग सहाशे रुपये सोडायला ही पोर निघाली कशी? बराच वेळ ती बोलेना. मग डोळे पुसत म्हणाली, "यादीत आमचं नाव हाय ना, मॅडम? मग नावानं बोलवा ना. उभं कामून करायलात?"

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कधी कुणाला हिडीसफिडीस केलं नव्हतं. सगळ्या लेकरांवर सारखीच माया करते, असा माझा ठाम समज. आणि तरी मी वर्षानुवर्षं, भर वर्गात, दहा-अकरा वर्षांच्या पोरींना जातीवरून उभं करत होते! तेही कुणाच्या नावाच्या शिष्यवृत्तीसाठी? ज्या सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात अंगावर शेणमाती झेलत मुलींना शिकवलं, त्यांच्या.

त्याच फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवा. मातंग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्या समाजाला अक्षराला हात लावायची बंदी, त्यातली मुलगी आपलं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडते, ही शाळेची करामत. पण शाळा उलटंही करू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या शाळेविषयी स्वतः लिहून ठेवलंय. बसायला घरून आणलेलं वेगळं गोणपाट, आणि तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तहानलेलंच राहायचं. पुस्तकात काय धडा होता ते विसरायला होतं हो, पण बसायला कुठं मिळालं आणि पाणी कुणी दिलं, हे माणूस जन्मभर विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी एकेकीला नावानं, एकटीला, ऑफिसात बोलवून फॉर्म भरले. सातही. पण एवढ्यानं माझं समाधान होईना.

मागं कोण बसतं?

आपल्या जिल्ह्यात नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानतात आणि औंढा नागनाथाची गोष्ट तर लहान पोरंही सांगतात. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही. ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका. ती गोष्ट मी वर्गात सांगितली आणि विचारलं, "आपल्या वर्गात मागं कोण जातं रे?"

आधी सगळे गप्प. मग एकेक आवाज यायला लागला. पायानं अधू असलेला मुलगा खेळाच्या तासाला दप्तरं राखतो. उसतोडीला गेलेल्या घरची मुलगी दिवाळीनंतर गायब होते आणि परत आली की शेवटच्या ओळीत बसते. पालावरच्या मुलाजवळ कुणी डबा उघडत नाही. आणि शेवटी एक चुणचुणीत पोरगी उठली, "मॅडम, वर्ग रोज आम्ही मुलीच कामून झाडायचा?"

घ्या! माझ्यासमोर रोज घडत होतं आणि मला दिसत नव्हतं.

मग आम्ही काही मोठे उपक्रम केले नाहीत. झाडायची आणि पाणी भरायची पाळी हजेरीपटाच्या क्रमानं लावली, मुलगा असो की मुलगी. बसायच्या जागा दर सोमवारी बदलायच्या. खेळात अधू मुलाला पंच केलं, पुढं त्यानंच बसून खेळायचा चेंडूचा एक खेळ शोधून काढला. उसाहून परतलेल्या मुलीला शेजारणीनं महिनाभराची वही द्यायची. बस्स.

तक्रार आलीच. चौथ्या दिवशी एक आई दारात. "मॅडम, माझ्या लेकराच्या हाती झाडू कामून दिला? घरी तो ताटसुद्धा उचलत नाही." मी म्हटलं, "ताई, तुम्ही दिवसभर राबता, ते ताट कोण उचलतं?" ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "मीच की ओ." पटलं असं काही ती म्हणाली नाही, पण पोराचं नावही पाळीतून काढून घेतलं नाही.

खिचडीच्या पंगतीवरूनही कुरबुर झाली. एका आजीचा निरोप आला, "आमच्या नातवाला वेगळं बसवा." मी नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शाळेत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. उगाच नाही! एका ओळीत बसून खाल्लेली खिचडी हा नागरिकशास्त्राचा सगळ्यात मोठा धडा आहे. दोन-चार दिवस तो नातू घरून जेवून आला. मग इतरांना बघून त्याचं त्यालाच राहवेना. आपणहून ताट घेऊन ओळीत बसला.

कायदा आला, पुढं काय?

आता बरंच बदललंय. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. वर्गात कुणाशी भेदभाव होऊ नये, हे तो बजावून सांगतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ मध्ये झाला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले. परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात, त्यात सामाजिक न्याय हे शब्द येतात. लेकरं ते तोंडपाठ म्हणतात. पण परिपाठ संपल्यावर झाडू कुणाच्या हाती जातो, तिथं त्या शब्दांची परीक्षा असते.

आणि मैत्रिणींनो, ही परीक्षा निम्मी आपल्या स्वयंपाकघरात असते. आपण लेकराला रोज विचारतो, "किती मार्क पडले?" कधी हेही विचारून बघा. आज डबा कुणासोबत खाल्लास? वर्ग कुणी झाडला? कुणाला खेळायला घेतलं नाही? कुणाला कशावरून चिडवलं, आणि तेव्हा तू काय केलंस? उत्तर ऐकून लगेच रागावू नका. ऐका. आणि लेकराच्या मैत्रिणीचं आडनाव विचारायची आपली जी सवय आहे ना, ती तेवढी गिळून टाका. आपण आडनाव का विचारतो, हे पोरांना बरोबर कळतं.

ती सातवी मुलगी मागच्या वर्षी हट्ट्याला भेटली. मीच ओळखलं नाही, तिनं हाक मारली. सोबत तिची लेक, पाचवीतली. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच सांगितलं, "मॅडम, हिच्या वर्गात अजून उभं करतात. परवा घरी येऊन रडली."

वीस वर्षं उलटून गेली, आणि तेच वाक्य! काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "तू बोललीस का तिथं?"

"मी काय बोलणार? लेकरावर राग निघाला म्हणजे?"

तिची भीती खोटी नव्हती. एकट्या आईनं जाऊन बोलणं सोपं नसतं. मी म्हटलं, "सोमवारी मी येते तुझ्यासोबत. भांडायला नाही. फक्त माझी चूक त्यांना सांगायला."

गेलो आम्ही दोघी. तिथल्या शिक्षिका वयानं लहान, मनानं चांगल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या लक्षातच आलं नव्हतं हो."

माझ्याही कुठं आलं होतं? ते लक्षात आणून द्यायला पाचवीतली एक पोर लागली होती.